‘प्लानेता बुर’ पाहताना नेमकं काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘प्लानेता बुर’, म्हणजे ‘वादळांचा ग्रह’, हा 1962 सालचा सोव्हिएत चित्रपट इंटरनेटवर इंग्रजीत पाहिला. रबरी प्राणी, अवजड रोबोट आणि मध्येच खुर्चीत बसून मायक्रोफोनवर बोलणारी एक बाई. यात ट्रिक फोटोग्राफीवाले एवढं काय बघतात? संगणक नसताना अधांतरी तरंगणारी माणसं कशी टिपली? आणि ‘2001: अ स्पेस ओडिसी’वाल्या कुब्रिकने यातूनच उचललं, असं म्हणतात ते खरं का?

माझी हयात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ट्रिक फोटोग्राफी करण्यात गेली. मिनिएचर (लहान प्रतिकृती), ग्लास शॉट (काचेवर रंगवलेलं दृश्य), ऑप्टिकल प्रिंटर (वेगवेगळी चित्रं एका फिल्मवर छापणारं यंत्र) हेच माझं काम. त्यामुळे उत्तर लांबेल, कारण ‘प्लानेता बुर’चे दिग्दर्शक पावेल क्लुशांत्सेव या माणसाच्या कामाबद्दल दोन ओळींत बोलणं मला जमत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही पाहिलेला चित्रपट पावेल क्लुशांत्सेव यांचा नाही. ती अमेरिकेत कापून-जोडून बनवलेली प्रत आहे. निर्माते रॉजर कॉर्मन यांनी सोव्हिएत विज्ञानपटांचे हक्क स्वस्तात घेतले आणि त्यांतले मोठे, खर्चिक शॉट ठेवून बाकीचं नव्याने रचलं. 1965 साली ‘व्हॉयेज टू द प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ निघाला. तो कर्टिस हॅरिंग्टन यांनी जॉन सबॅस्टियन या टोपणनावाने केला. बेसिल रॅथबोन आणि फेथ डोमर्ग यांचे काही प्रसंग वेगळे चित्रित करून त्यात घातले. तुम्हाला दिसलेली खुर्चीतली बाई म्हणजे फेथ डोमर्ग. 1968 साली त्याच फुटेजमधून आणखी एक चित्रपट काढला, ‘व्हॉयेज टू द प्लॅनेट ऑफ प्रीहिस्टॉरिक विमेन’. त्यात शिंपल्यांच्या चोळ्या घातलेल्या शुक्रवासी स्त्रिया समुद्रकिनाऱ्यावर बसून मेलेल्या टेरोडॅक्टिलची, म्हणजे प्राचीन काळच्या उडत्या सरड्यासारख्या प्राण्याची, देव म्हणून पूजा करतात. तो पीटर बोग्दानोविच यांनी डेरेक थॉमस या नावाने केला. पुढे मोठे झालेले दिग्दर्शक उमेदवारीच्या काळात अशी कामं करत होते. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनीही कॉर्मनसाठी ‘नेबो झोव्योत’ (1959) या कीव्हच्या चित्रपटाचा ‘बॅटल बियाँड द सन’ करून दिला होता.

या कापाकापीत नेमकं काय गेलं ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मूळ कथा अलेक्झांडर कझांत्सेव यांच्या लघुकादंबरीवरून घेतली आहे. तीन यानं शुक्राकडे निघालेली असतात: सिरियस, व्हेगा आणि कपेला. कपेला वाटेतच अशनीच्या धडकेने नष्ट होतं. उरलेली दोन यानं मदतीची वाट न पाहता उतरायचं ठरवतात. एक तुकडी खाली जाते आणि तिचा संपर्क तुटतो. तिला शोधायला दुसरी उतरते. वर कक्षेत एकटी राहते माशा. ही भूमिका क्युन्ना इग्नातोवा यांची. तिने व्हेगा खाली उतरवलं तर ते पुन्हा उडणार नाही, म्हणजे कुणीच घरी परतणार नाही. वरच थांबली तर खालच्या माणसांना मरू दिल्यासारखं. रेडिओवर नुसती खरखर. चित्रपटाचा ताण या एका पात्रावर तोललेला आहे. अमेरिकन आवृत्तीत माशा पूर्णपणे काढून टाकली आणि तिच्या जागी खुर्चीत बसून सूचना देणारी बाई आणली. ट्रिकचे शॉट राहिले, पण ते ज्या काळजीपोटी घेतले होते ती काळजीच गेली. मग तुम्हाला फक्त रबर दिसलं यात तुमचा दोष नाही.

माशावरून सोव्हिएत बाजूलाही कटकट झाली होती. क्लुशांत्सेव यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे सांस्कृतिक मंत्री येकातेरिना फुर्त्सेवा यांना माशाचं रडणं खटकलं. सोव्हिएत अंतराळवीर स्त्री रडेल कशी, असा त्यांचा आक्षेप. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अजून उडायची होती, ते जून 1963 मध्ये घडलं. म्हणजे प्रत्यक्षात एकही स्त्री अवकाशात गेलेली नसताना चित्रपटातल्या स्त्रीने कसं वागावं यावर वाद चालला होता. मला ते रडणं चित्रपटातलं सगळ्यात खरं वाटतं.

आता क्लुशांत्सेव कोण होते, हे सांगितल्याशिवाय पुढची तांत्रिक बाजू कळणार नाही. 1910 साली सेंट पीटर्सबर्गला जन्म. आयुष्यभर काम त्याच शहरात, तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये. मूळ पिंड कॅमेरामनचा आणि ट्रिकवाल्याचा. दिग्दर्शक झाले ते शैक्षणिक विज्ञानपटांचे. ‘ध्रुवीय प्रकाश’ (1946), ‘उल्का’ (1947), ‘विश्व’ (1951) हे त्यांचे विषय. कथापट करणारा ट्रिकवाला आधी विचारतो की हे भव्य कसं दिसेल. विज्ञानपट करणारा आधी विचारतो की हे प्रत्यक्षात कसं घडेल, आणि दिसण्याचा विचार त्यानंतर करतो. एवढ्या एका सवयीतून त्यांचं बाकीचं सगळं काम निघतं, असं माझं मत आहे.

तरंगण्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘प्लानेता बुर’पेक्षा त्यांच्या आधीच्या चित्रपटात जास्त नीट सापडतं. तो 1957चा. रशियन नाव ‘दारोगा क ज्व्योज्दाम’, मराठीत ‘ताऱ्यांकडचा रस्ता’ म्हणू. साधारण पाऊण तासाचा. अर्ध्या भागात रॉकेटविद्येचे रशियन प्रणेते त्सिओल्कोव्स्की यांचं आयुष्य आणि रॉकेटचं तत्त्व. उरलेल्या भागात माणसाचं पहिलं उड्डाण, फिरतं अंतराळस्थानक आणि चंद्रावर पाऊल. त्सिओल्कोव्स्कींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. काम संपत आलं असतानाच 4 ऑक्टोबरला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुतनिक उडाला आणि त्याचा भाग चित्रपटात घालावा लागला. माणूस अवकाशात जायला अजून साडेतीन वर्षं होती. म्हणजे वजनरहित अवस्था कुणी अनुभवलेली नव्हती, तिचं चित्रण कुणाकडे नव्हतं. ती फक्त गणितातून आणि त्सिओल्कोव्स्कींच्या लिखाणातून माहीत होती.

त्याआधी माणूस तरंगताना दाखवायची रूढ रीत अशी: कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना बारीक तारा, माणूस आडवा लटकवायचा, कॅमेरा समोर. आमच्याकडे बाबूभाई मिस्त्रींनी ‘ख्वाब की दुनिया’ (1937) मध्ये काळ्या पडद्यापुढे काळा दोरा वापरून वस्तू आपोआप हलवल्या, आणि त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. वस्तूंसाठी ते उत्तम. माणसासाठी त्या पद्धतीत तीन अडचणी येतात. तार चमकते, कितीही रंगवा, दिवा कुठून तरी तिच्यावर पडतोच. कपडे आणि केस खाली लोंबतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शरीर कमरेत वाकतं, खांदे आणि पाय खाली ओढले जातात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण लटकलेला माणूस आहे हे त्याला लगेच कळतं.

क्लुशांत्सेव यांनी सेटच फिरवून उभा केला. केबिनची जी भिंत पडद्यावर समोर दिसायची ती वर छताकडे गेली. कॅमेरा खाली, वर तोंड करून. नट वरून तारेला टांगलेला, बरोबर कॅमेऱ्याच्या डोक्यावर. यात काय साधतं ते नीट समजून घ्या. तार नटाच्या पाठीमागून सरळ वर जाते, म्हणजे त्याचं शरीरच तिला झाकतं. रंगवायला नको, लपवायला नको. दुसरं, गुरुत्वाकर्षण आता लेन्सच्या दिशेने ओढतंय. हात सैल पडला तर तो कॅमेऱ्याकडे येतो. पडद्यावर तो खाली पडलेला दिसत नाही, फक्त थोडा जवळ आलेला दिसतो. केस आणि कपडेही कॅमेऱ्याकडे ओढले जातात, त्यामुळे चित्रात ते कुठल्याच बाजूला झुकत नाहीत. ‘खाली’ नावाची दिशाच चित्रातून नाहीशी होते.

तिसरा फायदा मला सगळ्यात आवडतो. तार एकच असल्याने नट स्वतःभोवती गिरकी घेऊ शकतो. दोन बाजूंच्या तारांत ते शक्यच नाही. शिवाय कॅमेराही त्याच्या अक्षावर फिरवला तर गिरकी हळू किंवा जलद करता येते आणि सेट व माणूस दोघंही उलटसुलट होतात.

त्याला किंमतही द्यावी लागते. नटाचं वजन एका तारेवर, खाली काचेचं लेन्स आणि ते धरणारा माणूस. पोटरीचे, मानेचे स्नायू सतत ताठ ठेवायचे आणि चेहरा मात्र निवांत दिसला पाहिजे. माझ्या अनुभवात असा शॉट एका वेळी मिनिटभराच्या वर कुणी नट टिकवू शकत नाही; चेहऱ्यावर रक्त उतरतं आणि ते फिल्मवर दिसतं. शिवाय वेग. अवकाशात ढकललेली वस्तू कशाला तरी धडकेपर्यंत त्याच वेगाने जात राहते, मध्येच मंदावत नाही. तार सोडणाऱ्या माणसाचा हात जरा अडखळला की सगळा भास गेला. ‘ताऱ्यांकडचा रस्ता’मधले ते शॉट पाहताना नटाकडे नका पाहू, त्याच्या वेगाकडे पाहा. कुठेही गचका नाही. तो वर बसलेल्या कामगारांच्या हाताचा गुण आहे.

हीच युक्ती दहा-अकरा वर्षांनी ‘2001: अ स्पेस ओडिसी’ (1968) मध्ये दिसते. तिथेही नट आणि स्टंटमन छताला टांगून खालून चित्रण केलं आहे. फिरतं स्थानकही दोन्हीकडे आहे. यावरून कुब्रिकने चोरी केली, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करणारं स्थानक त्सिओल्कोव्स्कींच्या लिखाणात आहे, आणि 1952 साली ‘कॉलियर्स’ मासिकात रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांचं चाकासारखं स्थानक चित्रांसह छापून आलं होतं. दोघांचं मूळ तिथे आहे. तारेचंही तसंच: तार शरीराआड लपवायची असेल तर कॅमेरा खालीच ठेवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. प्रामाणिकपणे भौतिकशास्त्राच्या मागे गेलेले दोन ट्रिकवाले एकाच जागी पोहोचतात. पण तिथे आधी कोण पोहोचलं, आणि किती कमी पैशांत, हे विसरायला नको. कुब्रिकच्या मागे हॉलिवूडचा मोठा स्टुडिओ होता. क्लुशांत्सेव एका शैक्षणिक चित्रपटांच्या स्टुडिओत बसून हे करत होते.

आता मिनिएचरकडे येऊ. ‘प्लानेता बुर’मध्ये यान, खडक, ज्वालामुखी, लाव्हा यांचे जे शॉट आहेत त्यांची कसोटी एकच: वस्तू पडते तेव्हा तिचं वजन जाणवतं का? लहान दगड एक फुटावरून पडायला जेवढा वेळ घेतो त्याच्या चौपट वेळ सोळा फुटांवरून पडायला लागतो. म्हणून प्रतिकृती सोळा पट लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा: सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम. पडद्यावर ते नेहमीच्या 24नेच दाखवलं की हालचाल चौपट संथ होते. प्रमाणाचं वर्गमूळ काढा आणि 24ने गुणा. पंचवीस पट लहान असेल तर 120. हे गणित आम्ही भिंतीवर लिहून ठेवत असू.

गणित सोपं, पण प्रकाश मारतो. 96 फ्रेमला प्रत्येक फ्रेमवर चौथाई प्रकाश पडतो, म्हणजे दिवे चौपट. त्यात मिनिएचरमध्ये जवळचं आणि लांबचं दोन्ही फोकसमध्ये हवं, नाहीतर खेळणं कळतं. म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, 5.6 वरून 16 पर्यंत बंद करायचं, त्यात आणखी आठपट प्रकाश गेला. एकूण बत्तीसपट. त्या काळची सोव्हिएत रंगीत फिल्म जर्मन आगफाच्या प्रक्रियेवर बेतलेली होती, आजच्या मानाने फारच मंद. तेवढे दिवे लावल्यावर मेण वितळतं, रंगाला पोपडे येतात. त्या चित्रपटाचे कॅमेरामन अर्कादी क्लिमोव. कथापटातही त्यांच्या प्रकाशात मला कुठे घाई दिसत नाही, आणि मिनिएचरवरून माणसांवर येताना आकाशाचा रंग बदलत नाही. जोड न दिसण्याचं मोठं कारण ते.

पाणी आणि आग या दोन गोष्टी मात्र लहान करता येत नाहीत. थेंब तेवढाच राहतो, ज्वाळेचं टोक तेवढंच राहतं. म्हणून लाव्हाचे शॉट पाहताना प्रवाहाच्या कडेकडे पाहा. मधला भाग फसवतो, कडा फसवत नाही. ‘प्लानेता बुर’मध्ये काही ठिकाणी कडा उघडी पडते हे मी मान्य करतो. टेरोडॅक्टिलचंही तेच. त्याच्या पंखांना हवा लागत नाही आणि तारांची ओढ कळते. तिथे तुम्हाला हसू आलं असेल तर डोळे बरोबर पाहत होते.

पण तोच चित्रपट धुक्याचा वापर कसा करतो ते पाहा. शुक्रावर दाट ढग, म्हणून पडद्यावर धूर. तो धूर एकाच वेळी तीन कामं करतो: ग्रहाचं हवामान सांगतो, मिनिएचरमधल्या मागच्या डोंगरांना फिकं करून लांब नेतो आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीची कडा झाकतो. खऱ्या डोंगरांत पाच मैलांवरचा कडा निळसर होतो. टेबलावरच्या डोंगराला हवा पुरत नाही, म्हणून ती धुराने द्यायची. आम्ही लोबानाचा आणि खनिज तेलाचा धूर वापरायचो. तो सगळीकडे सारखा पसरवणं आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवणं हे मिनिएचर बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. दारंखिडक्या बंद, पंखे बंद, दिव्यांची धग, आणि कुणी शिंकलं तरी धुरात रेघ उमटते.

आणखी एक बारकावा, विज्ञानपटवाल्याचाच. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सहावा भाग. तिथे माणूस उडी मारताना दाखवायचा तर कॅमेरा सुमारे अडीचपट वेगाने हवा, म्हणजे साठेक फ्रेम. शुक्राचं गुरुत्व मात्र पृथ्वीच्या नऊ-दशांश. फरक डोळ्याला दिसणारच नाही. म्हणून ‘प्लानेता बुर’मध्ये माणसं शुक्रावर साधी चालतात, धापा टाकत, जड बुटांनी. परग्रह आला की सगळं संथ तरंगतं दाखवायचा मोह किती मोठा असतो ते मला माहीत आहे. निर्मातेही तेच मागतात. क्लुशांत्सेव यांनी तो टाळला.

हीच शिस्त त्यांच्या आधीच्या पिढीतही होती. 1936 सालचा ‘कोस्मिचेस्की रेइस’ हा मॉसफिल्मचा मूकपट मिळाला तर जरूर पाहा. दिग्दर्शक वासिली झुराव्ल्योव आणि सल्लागार स्वतः त्सिओल्कोव्स्की. त्यांनी या चित्रपटासाठी अवकाशप्रवासाच्या रेखाचित्रांची एक वही काढून दिली, पण चित्रपट पूर्ण होण्याआधी सप्टेंबर 1935 मध्ये ते गेले. त्यात चंद्रावरच्या उड्या बाहुल्यांकडून, एकेक फ्रेम हलवून घेतल्या आहेत. कारण तेच: माणसाची उडी चंद्रासारखी दिसत नव्हती, बाहुलीची तशी दाखवता येत होती. त्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक युरी श्वेत्स यांनीच पुढे ‘नेबो झोव्योत’ची यानं आणि स्थानकं रेखाटली.

रोबोटबद्दल तुम्ही ‘अवजड’ म्हणालात. तो अवजडच हवा. लोखंडी जॉन हे अमेरिकन शास्त्रज्ञ केर्नचं यंत्र. चित्रपटातल्या सोव्हिएत मोहिमेत एक अमेरिकन सन्मानाने सोबत आहे, हेही 1962च्या वातावरणात लक्षात घ्या. आत अर्थातच माणूस आहे. पण चाल पाहा: आधी वजन एका पायावर जातं, मग दुसरा उचलतो, आणि थांबताना धड एक क्षण उशिरा थांबतं. लाव्हाच्या प्रवाहातून जॉन दोन माणसांना खांद्यावर घेऊन जातो आणि मध्येच त्याची स्वसंरक्षणाची यंत्रणा जागी होते. ओझं टाकलं तर यंत्र वाचेल. माणसांना बाजूला टाकायला तो हात उचलतो आणि केर्नला स्वतः बनवलेलं यंत्र बंद पाडावं लागतं. हा प्रसंग कॉर्मनच्या आवृत्तीतही आहे, पण तिथे तो साहसाचा एक तुकडा वाटतो. मूळ चित्रपटात त्याआधी माणूस आणि यंत्र यांवर जी बोलणी झालेली असतात, त्यांमुळे तो अंगावर येतो. यंत्राला दुष्ट ठरवलेलं नाही. ते फक्त त्याला सांगितलं होतं तेच करतं.

नटांपैकी बोब्रोव या अंतराळप्रवाशाची भूमिका केलेले गिओर्गी झ्झ्योनोव यांच्यावर डोळा ठेवा. 1938 साली अटक, मग कोलिमाच्या श्रमछावण्या आणि दूर उत्तरेतल्या नोरिल्स्कची हद्दपारी. पन्नाशीच्या दशकात निर्दोष ठरून परतलेला हा माणूस. थकलेल्या प्रवाशाची भूमिका तो ज्या सहजतेने करतो ती अभिनयशाळेत मिळत नाही.

विज्ञान चुकीचं आहे ना, असं कुणी म्हणेल. आज आपल्याला माहीत आहे की शुक्राच्या पृष्ठभागावर साधारण 465 अंश सेल्सियस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब आहे. तिथे डायनोसॉर काय, शिसंही वितळतं. पण चित्रपट एप्रिल 1962 मध्ये प्रदर्शित झाला. स्वान्ते अऱ्हेनियस यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुक्राचं वर्णन दमट, दलदलीचं केलं होतं. 1956 सालच्या रेडिओ मोजमापांनी प्रचंड उष्णतेची शंका आणली, तरी ती उष्णता जमिनीची की वरच्या थरांची यावर वाद होता. डिसेंबर 1962 मध्ये अमेरिकेचं मरीनर-2 यान शुक्राजवळून गेलं आणि ओला शुक्र जवळजवळ संपला. डिसेंबर 1970 मध्ये सोव्हिएत यान व्हेनेरा-7 शुक्रावर उतरलं आणि उरलासुरला संशयही गेला. पृष्ठभागाचं पहिलं छायाचित्र ऑक्टोबर 1975 मध्ये व्हेनेरा-9ने पाठवलं: चपटे, धारदार दगड. ओल्या शुक्रावर भरवसा ठेवून चित्रपट करता येण्याचे ते शेवटचे महिने होते.

क्लुशांत्सेव यांनी नंतर ‘चंद्र’ (1965) आणि ‘मंगळ’ (1968) केले. ‘चंद्र’मध्ये पहिल्या भागात शास्त्रज्ञ आपली मोजमापं मांडतात आणि दुसऱ्यात त्याच मोजमापांवरून चंद्रावरची वस्ती उभी राहते. सत्तरच्या दशकात त्यांना स्टुडिओतून बाजूला केलं गेलं. मग ते मुलांसाठी पुस्तकं लिहीत राहिले. त्यांचं दुर्बिणीवरचं पुस्तक इंग्रजीत मॉस्कोहून निघालं होतं, ‘ऑल अबाउट द टेलिस्कोप’. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून आणि गाड्यांवरून सोव्हिएत बालपुस्तकं घरी आणलेल्या मराठी वाचकांच्या कपाटात त्याची एखादी प्रत अजून असू शकेल. कपाट पाहा.

परदेशातल्या ट्रिकवाल्यांत त्यांचं नाव टिकलं ते रॉबर्ट स्कोटॅक यांच्यासारख्यांमुळे. ‘एलियन्स’ आणि ‘टर्मिनेटर 2’च्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालेला हा माणूस क्लुशांत्सेव यांना शोधत सेंट पीटर्सबर्गला गेला, हे शॉट कसे घेतले ते त्यांच्याकडून समजून घ्यायला. क्लुशांत्सेव 1999 साली वारले. 2002 साली त्यांच्यावर ‘द स्टार ड्रीमर’ हा डॅनिश माहितीपट आला. त्यात त्यांच्या कामाचे तुकडे आणि स्कोटॅक यांचं बोलणं दोन्ही आहे.

मग पाहायचं कसं? आधी ‘ताऱ्यांकडचा रस्ता’. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त दुसरा भाग, तरंगण्याचे शॉट थांबवून थांबवून. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: खरी जमीन कुठल्या बाजूला आहे? कॅमेरा कुठे झोपलाय? त्यानंतर ‘प्लानेता बुर’ची मूळ रशियन प्रत, इंग्रजी सबटायटल्ससह, एका बैठकीत, कुठेही न थांबवता. ओळखायची खूण सोपी: माशा केबिनमध्ये तरंगताना दिसली तर प्रत मूळ आहे, खुर्चीतली बाई दिसली तर बंद करा. शेवटचं मिनिट चुकवू नका. यान निघून गेल्यावर पाण्यात जे दिसतं त्यासाठी सगळा चित्रपट थांबलेला असतो. कॉर्मनच्या आवृत्त्या संकलन शिकायला हव्या असतील तर अगदी शेवटी पाहा. एकच शॉट दोन वेगळ्या वाक्यांत ठेवला की त्याचा अर्थ कसा बदलतो, याचं एवढं उघड उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही.

तुम्ही चित्रपटाचे विद्यार्थी असाल तर एक करून पाहा. माणूस टांगू नका, ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे. एक पेन घ्या, मधोमध काळा दोरा बांधा आणि छताच्या हुकाला लोंबकळवा. मागे छतावर कार्डबोर्डची भिंत चिकटवा, तिच्यावर बटणं, घड्याळ, काय हवं ते रंगवा. फोन जमिनीवर ठेवून वर तोंड करा, दोरा पेनाच्या बरोबर मागे येईल असा. फॅन बंद. पेनाला एक हलकी गिरकी द्या आणि 60 फ्रेमला चित्रित करा. मग तेच पेन बाजूने, नेहमीसारखं टिपा आणि दोन्ही शेजारी लावून पाहा. पहिल्या प्रयत्नात दोरा दिसेल. फोन दोन बोटं सरकवा, जाईल.